हौसेचे मोल

'हौसेला मोल नाही' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. म्हण तीन शब्दांची. पण तिच्या पोटात दोन परस्परविरुद्ध अर्थ सुखाने नांदत आहेत. हौसेपायी मनुष्य किती पैसा उधळील याला सुमार नाही, हा एक अर्थ; तो अभिप्रेत असतो तेव्हा बोलणाऱ्याच्या ओठांवर किंचित उपहास असतो. हौसेने जोडलेल्या वस्तूची किंमत रुपया-पैशांत करताच येत नाही, हा दुसरा अर्थ. तो अभिप्रेत असतो तेव्हा त्याच माणसाच्या आवाजात आदर उमटतो. लग्नाच्या मांडवात, पैठणीच्या दुकानात, गाणे शिकणाऱ्या मुलीसाठी तंबोरा निवडताना आपण ही म्हण उच्चारतो, आणि या दोहोंपैकी कोणता अर्थ आपल्या मनात आहे हे पुष्कळदा आपले आपल्यालाही सांगता येत नाही. उत्तम वस्तूसाठी अधिक पैसे मोजणे हा विलास की विवेक, या प्रश्नाचा गुंता या संदिग्धतेतूनच निर्माण होतो.

हा गुंता सोडविण्यासाठी उदाहरण मुद्दाम दूरचे घेतो. पैठणी किंवा तंबोरा म्हटला की आपले संस्कार आपल्याआधी बोलू लागतात. परक्या वस्तूविषयी विचार करताना मन अधिक मोकळे असते. ते उदाहरण असे : उत्तम चामड्याचा, महागडा बेसबॉलचा हातमोजा पैसे मोजून घेण्याच्या योग्यतेचा आहे काय? अमेरिकेत वसंत ऋतू आला की खेळाचा हंगाम सुरू होतो आणि असंख्य मध्यम स्थितीतील घरांत हा प्रश्न निघतो. प्रश्न क्षुल्लक दिसतो. पण एखाद्या बापाला आपल्या मिळकतीतून तो सोडवावा लागतो, तेव्हा नीतिशास्त्रातील निम्मे प्रश्न त्याच्या पाठोपाठ दारात येऊन उभे राहतात.

प्रथम वस्तूची ओळख. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षकांपैकी फक्त यष्टिरक्षकाला हातमोजे घालण्याची मुभा आहे. इतरांना नियमानेच मनाई आहे. बेसबॉलमध्ये मैदानावरील नऊही क्षेत्ररक्षक हातमोजा घालतात, पण एकाच हातात : ज्या हाताने चेंडू फेकावयाचा तो मोकळा, दुसऱ्या हातात हातमोजा. तो माणसाच्या पंजाहून बराच मोठा असतो आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये चामड्याच्या वाद्यांची जाळी विणलेली असते. चेंडू स्थिरावतो तो त्या जाळीच्या पायथ्याशी असलेल्या खोलगट ओंजळीत. बाजारात तीस-चाळीस डॉलरांतही असा हातमोजा मिळतो. उलट रॉलिंग्ज कंपनीचा 'हार्ट ऑफ द हाइड' किंवा विल्सन कंपनीचा 'ए-२०००' घ्यावयाचा तर तीनशे डॉलरांच्या आसपास पैसे पडतात. हे दोन्ही प्रकार अनुक्रमे १९५८ आणि १९५७ मध्ये निघाले आणि आजही नावाजलेले आहेत. दुरून पाहणाऱ्या नवख्याला स्वस्त आणि महाग यांतील फरक कदाचित कळणारही नाही. मग वरचे अडीचशे डॉलर कशाचे?

या प्रश्नाला आपल्या परंपरेतील सर्वांत जुने उत्तर वैराग्याचे आहे : जे गरजेचे नाही ते घेऊ नये. उत्तर सुटसुटीत आहे. पण गरज म्हणजे काय हे एकदा ठरले असले तरच ते उपयोगी पडते. हातमोजाचा इतिहास पाहिला तर गरजेची रेषा किती सरकती असते हे लक्षात येईल. बेसबॉल आरंभी उघड्या हातांनी खेळला जात असे आणि सुजलेली, वाकडी झालेली बोटे ही खेळाडूची भूषणे मानली जात. १८७५ मध्ये चार्ल्स वेट नावाच्या खेळाडूने कातडी हातमोजा घालून खेळण्यास सुरुवात केली, तेव्हा त्याने तो अंगाच्या रंगाचा निवडला. हेतू हा की तो प्रेक्षकांच्या ध्यानात येऊ नये. पुरुषाने हाताला जपावे ही लाजेची गोष्ट होती. पुढे १८७७ मध्ये अल्बर्ट स्पॉल्डिंग या नामवंत खेळाडूने काळा हातमोजा उघडपणे घातला आणि मग तसे करण्यातील शरम हळूहळू ओसरली. हे स्पॉल्डिंग महाशय आदल्याच वर्षी क्रीडासाहित्याच्या व्यापारात पडले होते ही गोष्टही विसरण्यासारखी नाही. माणसाची लाज आणि माणसाची गरज या दोहोंवर दुकानदाराची नजर तेव्हापासूनच आहे.

या प्रवाहाविरुद्ध उभा राहिलेला एक खेळाडू बिड मॅकफी. तो सिनसिनाटीच्या संघातून दुसऱ्या बेसवर खेळे. मिठाच्या पाण्यात हात बुडवून त्याने ते राठ केले होते आणि अवघे सहकारी हातमोजे वापरू लागले तरी तो उघड्या हातांनीच चेंडू अडवीत राहिला. अखेर १८९६ मध्ये बोट दुखावल्यामुळे त्याने हातमोजा घातला. आणि त्याच हंगामात त्याची क्षेत्ररक्षणाची सरासरी ०.९७८ इतकी झाली. दुसऱ्या बेसवरील खेळाडूंत हा विक्रम पुढे कित्येक वर्षे अबाधित राहिला. त्यानंतर १९२० च्या सुमारास सेंट लुईसचा गोलंदाज बिल डोक याच्या कल्पनेप्रमाणे अंगठा व तर्जनी यांमध्ये वाद्यांची जाळी आली. तोवर हाताचे केवळ रक्षण करणारा हातमोजा त्या दिवसापासून चेंडू पकडण्याचे साधन बनला. आज हातमोजावाचून मैदानात उतरणाऱ्याला कोणी शूर म्हणणार नाही, वेडा म्हणतील. तेव्हा गरज ही निसर्गाने एकदाच आखून दिलेली रेषा नाही. समाजाच्या सवयीबरोबर ती पुढे सरकते. 'गरज नाही म्हणून घेऊ नये' या सूत्राने फार तर मोह आवरता येईल, न्यायनिवाडा करता येणार नाही.

दुसरे उत्तर व्यवहाराचे. महाग वस्तू टिकते, म्हणून शेवटी तीच स्वस्त पडते, असे म्हणणारा शहाणा प्रत्येक बाजारात भेटतो. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. उंची हातमोजा जाड, घट्ट वीण असलेल्या बैलाच्या कातड्याचा किंवा त्याहून बारीक पोताच्या कोवळ्या जनावराच्या कातड्याचा केलेला असतो. त्याच्या वाद्या झिजल्या तर नव्या ओवता येतात आणि निगा राखली तर तो दहा-बारा वर्षे सहज चालतो. परंतु गणित मांडून पाहा. चाळीस डॉलरांचा हातमोजा दोन हंगाम टिकला असे धरले, तर दहा वर्षांत पाच घ्यावे लागतील. म्हणजे दोनशे डॉलर झाले. तीनशे डॉलरांचा एक घेतला तर त्यावर तेल, वाद्या आणि दुरुस्ती यांचा खर्च निराळा. हिशेब स्वस्ताच्याच बाजूने झुकतो. शिवाय मुलाचा हात वाढता असतो. आठ वर्षांच्या मुलाला बसणारा हातमोजा बाराव्या वर्षी त्याच्या कामाचा राहत नाही, आणि त्या कोवळ्या हाताला बैलाच्या कातड्याचा ताठर हातमोजा मिटतादेखील येत नाही. 'चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला' म्हणतात ते अशा वेळी. तेव्हा टिकाऊपणाच्या युक्तिवादाने महाग वस्तूचे समर्थन करणारा मनुष्य बहुधा आधी निर्णय करतो आणि कारण मागाहून शोधतो.

कौशल्याचा युक्तिवादही असाच तोकडा आहे. चांगला हातमोजा चेंडू अधिक विश्वासाने धरतो हे खरे. परंतु वस्तूने खेळाडू घडत नाही. पनामातील प्वेर्तो काइमितो या कोळ्यांच्या गावात वाढलेला मारियानो रिव्हेरा लहानपणी दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे हातमोजे करून समुद्रकाठी खेळत असे. खऱ्या चामड्याचा हातमोजा त्याला मिळाला तो वडिलांकडून, बारा वर्षांचा झाल्यावर. हाच मुलगा पुढे न्यूयॉर्कचा विख्यात गोलंदाज झाला आणि २०१९ मध्ये बेसबॉलच्या सन्मानमंदिरात त्याची निवड झाली, ती एकही मत विरोधी न पडता. असा मान त्याच्यापूर्वी कोणालाच मिळाला नव्हता. पुठ्ठ्याने त्याचे काही अडले नाही. पण याच हकिगतीची दुसरी बाजूही आहे : बापाने चामड्याचा हातमोजा आणून दिला, हेही लक्षात राहिलेच आहे. ज्या वस्तूने कौशल्यात भर पडते असे सिद्ध करता येत नाही, ती आयुष्यभर स्मरणात का राहावी? व्यवहाराच्या हिशेबात या प्रश्नाचे उत्तर नाही.

येथे एक तिखट टीकाकार पुढे होतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ साली 'थिअरी ऑफ द लेझर क्लास' या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, सधन लोक पुष्कळ वस्तू घेतात त्या खर्च करण्याचे आपले सामर्थ्य इतरांना दिसावे म्हणून. हाताने घडविलेला चांदीचा चमचा आणि यंत्राने केलेला साधा चमचा यांची तुलना करून तो सांगतो की, पहिल्यात आपल्याला जे सौंदर्य दिसते त्यात त्याच्या महागपणाचा वाटा आपण समजतो त्याहून पुष्कळ मोठा असतो. व्हेब्लेनचे हे म्हणणे पटावे असे नमुने हातमोजांच्या दुनियेतही आहेत. पॅरिसच्या एर्मेस या घराण्याने २०१३ च्या सुमारास एक बेसबॉलचा हातमोजा विक्रीस ठेवला होता. किंमत चौदा हजार डॉलरांहून अधिक. तो घालून कोणी मैदानाच्या धुळीत लोळण घेईल असे घेणाऱ्यालाही वाटले नसेल. असा हातमोजा चेंडूसाठी नसतो, काचेच्या कपाटासाठी असतो. आणि कपाटही पाहुण्यासाठी असते.

तथापि व्हेब्लेनच्या चिमट्यात न सापडणारी एक गोष्ट तीनशे डॉलरांच्या साध्या, खेळाच्या हातमोजात आहे. तो दुकानातून येतो तेव्हा निरुपयोगी असतो. स्वस्त हातमोजा पहिल्याच दिवशी मऊ असतो, सहज मिटतो, आणि थोड्याच काळात त्याची लक्तरे होतात. महाग हातमोजा मात्र लाकडासारखा ताठ असतो. त्यात हात घातला तरी बोटांचे ऐकत नाही. चेंडू आला तर उडवून लावतो. मग त्याला वश करावे लागते. कोणी त्याला थोडे तेल लावतो. कोणी त्याच्या ओंजळीत चेंडू ठेवून तो दोरीने आवळून बांधतो आणि रात्रभर गादीखाली ठेवतो. जाणते मात्र सांगतात की, खरा उपाय एकच : रोज, आठवड्यांमागून आठवडे, कोणाशी तरी चेंडू झेलत राहणे. हळूहळू चामडे त्या एकाच हाताची घडी उचलते. करंगळी कोठे जोर देते, तळव्याचा खळगा कोठे आहे, चेंडू कोणत्या अंगाने धरण्याची सवय आहे, हे सारे त्यात उतरते. असा तयार झालेला हातमोजा दुसऱ्याने घातला तर त्याला तो परका वाटतो.

आपल्याला हा अनुभव नवा नाही. इंग्लिश विलोची बॅट घेतली तर तिला जवसाचे तेल देऊन लाकडी मोगरीने तासन्‌तास ठोकावे लागते. त्यावाचून ती सामन्यात नेली तर तडकते. आपल्या सीमाभागातील वाचकाला तर वहाणेचेच उदाहरण पुरे. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याची अथणीची किंवा कोल्हापूरची वहाण पहिले काही दिवस पायाला चावते. तिला तेल पाजावे लागते, थोडे सोसावे लागते. मग ती पायाची होते, आणि अंधारातही चार जोडांतून आपला जोड पायाला ओळखू येतो. अशा वस्तू विकल्या जातात तेव्हा अर्ध्याच तयार झालेल्या असतात. उरलेले काम घेणाऱ्याकडे असते, आणि ते पैशाने उरकता येत नाही. अमेरिकेतील काही दुकाने वाफेने व हातोडीने हातमोजा मऊ करून देतात. पण त्याला ओंजळ आली तरी तिच्यात आपल्या हाताची खूण नसते.

अॅरिस्टॉटलने आपल्या 'पॉलिटिक्स' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात वहाणेचा दाखला घेऊन म्हटले आहे की, प्रत्येक वस्तूचे दोन उपयोग असतात : वहाण पायात घालता येते आणि वहाण देऊन दुसरे काही घेताही येते. पहिला उपयोग वस्तूच्या स्वभावाला धरून आहे, दुसरा तसा नाही. मराठीत या भेदाला दोन शब्द सहज योजता येतील : किंमत आणि मोल. बोलताना आपण ते एकाच अर्थाने वापरतो. पण हातमोजाच्या आयुष्यात त्यांच्या वाटा स्पष्टपणे फुटतात. दुकानात असताना त्याची किंमत सर्वांत अधिक आणि मोल सर्वांत कमी असते. दहा वर्षांनी घामाने काळवंडलेला, वाद्या बदललेला तोच हातमोजा बाजारात नेला तर त्याचे फारसे काही येणार नाही. पण त्याच्या धन्याला तो हरवला तर दुसरा कोणताही त्याची जागा घेऊ शकत नाही. किंमत उतरत जाते आणि मोल चढत जाते. चढणारे हे मोल धन्याने स्वतः भरलेले असते, ते वेळेच्या रूपाने. याचा अर्थ असा की, 'हातमोजा पैसे देण्याच्या योग्यतेचा आहे काय' या प्रश्नाचे उत्तर दुकानात देताच येत नाही. दुकानात देण्यासारखे एकच असते : आपण पुढचे हप्ते, पैशाचे नव्हे तर हाताचे हप्ते, भरू की नाही याचा प्रामाणिक अंदाज. ज्याला ते भरावयाचे नाहीत त्याने घेतलेला उत्तम हातमोजा आणि एर्मेसच्या कपाटातील हातमोजा यांत नैतिकदृष्ट्या काडीचा फरक नाही.

एवढ्यावर विचार थांबविला असता तर तो सोयीचा झाला असता, पण न्याय्य झाला नसता. कारण घेणारा आणि वस्तू यांच्या नात्यात एक तिसरा मनुष्य नेहमीच गाळला जातो. तो म्हणजे करणारा. हातमोजाचे चामडे कोणीतरी कमावते, कोणीतरी कापते, कोणीतरी शिवून उलटवते आणि तापलेल्या लोखंडी पंजावर चढवून त्याला आकार देते. वाद्या तर हातानेच ओवाव्या लागतात. एके काळी ही कामे अमेरिकेत होत. १९५० नंतरच्या दशकांत ती प्रथम जपानकडे आणि मग फिलिपाइन्स, चीन, व्हिएतनाम अशा देशांकडे गेली. टेक्ससमधील नोकोना या लहान गावातील एक कारखाना मात्र गावातच राहिला. १९२६ मध्ये चामड्याची पाकिटे व पिशव्या करण्यासाठी तो निघाला; मंदीच्या काळात, १९३४ मध्ये, हातमोजांकडे वळला; २००६ साली आगीत भस्मसात झाला आणि पुन्हा उभा राहिला. त्याचे हातमोजे स्वस्त नाहीत. त्या किमतीतील काही भाग चामड्याचा असेल. काही भाग एका गावाने आपले काम गावाबाहेर जाऊ दिले नाही याचाही आहे. हातमोजात येऊन विसावणाऱ्या चेंडूचीही अशीच गोष्ट आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च स्पर्धांतील प्रत्येक चेंडू कोस्टारिकातील तुरियाल्बा गावी हाताने शिवला जातो. त्याला १०८ दुहेरी टाके असतात, आपल्या जपमाळेत मणी असतात तितके. चेंडू टोलवणाऱ्याचे नाव लाखो लोक जाणतात. ज्याच्या बोटांखालून ते १०८ टाके गेले त्याचे नाव कोणी विचारीत नाही.

या बाबतीत परक्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपण शतकानुशतके चामड्याची वहाण पायात घातली आणि ती करणाऱ्याला गावकुसाबाहेर ठेवले. 'पायातली वहाण पायातच बरी' ही आपलीच म्हण. तिच्यात वहाणेचा जेवढा अपमान आहे त्याहून अधिक ती शिवणाऱ्याचा आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्र व कर्नाटक यांतील चार-चार जिल्ह्यांना मिळून. कोल्हापूरबरोबर बेळगावही त्यात आहे. सीमेवरून भांडणाऱ्या दोन राज्यांना एका वहाणेने एकत्र बसविले, हा काव्यगत न्यायच म्हणावयाचा. पुढे जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घाटाच्या वहाणा मिरविल्या आणि त्यांचे मूळ सांगितले नाही, तेव्हा आपल्याकडे संताप उसळला. मग त्या कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. संताप योग्यच होता. परंतु अथणीच्या कारागिराशी दोन-चार रुपयांसाठी घासाघीस करणारेही त्या संतापात सामील होते, हे आपण विसरू नये. नावाचा मान चोरणे हा अपराध असेल, तर मजुरीचा मान न ठेवणे हाही अपराधच आहे.

यावरून कोणी असे म्हणेल की, मग महाग वस्तू घेणे हेच पुण्यकर्म ठरले. तसे मुळीच नाही. किंमत दुप्पट झाली म्हणून टाका घालणाऱ्याची मजुरी दुप्पट होत नाही. वाढलेला पैसा पुष्कळदा जाहिरातीत, नाममुद्रेत आणि मोठ्या खेळाडूंच्या सह्यांत जिरतो. म्हणून घेणाऱ्याने चौकशी केली पाहिजे. प्रत्येक वेळी उत्तर मिळेलच असे नाही. पण प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या वाढली की विकणाऱ्याला उत्तर तयार ठेवावे लागते.

आणखी एक पेच देणगीचा आहे. जपानचा इचिरो सुझुकी अगदी लहान होता तेव्हा त्याच्या वडिलांनी त्याला खऱ्या चामड्याचा हातमोजा आणून दिला. हे खेळणे नाही, वस्तूची किंमत कळावी यासाठी दिलेले साधन आहे, अशी त्यामागे वडिलांची दृष्टी होती, असे त्याचे चरित्रकार सांगतात. शिकवण वाया गेली नाही. इचिरो आपल्या हातमोजाची निगा स्वतः राखण्याबद्दल प्रसिद्ध झाला. अमेरिकेत गेल्यावर २००१ ते २०१० अशी सलग दहा वर्षे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचे 'गोल्ड ग्लोव्ह' पारितोषिक त्याने मिळविले आणि २०२५ मध्ये सन्मानमंदिरात प्रवेश केला. पण वडिलांनी घेतलेली कठोर मेहनत छळाच्या सीमेला पोचली होती, असेही त्यानेच मोठेपणी सांगितले आहे. महाग देणगी देताना बाप नकळत सावकार होतो. मुलाच्या हातात हातमोजा देतो आणि त्याच्या मानेवर कर्ज ठेवतो. मुलगा खेळला नाही, त्याचे मन चित्रांत किंवा पुस्तकांत रमले, तर 'एवढे पैसे घातले' हे वाक्य त्याला जन्मभर ऐकावे लागते. ज्या देणगीची आठवण देणाऱ्याला वारंवार करून द्यावी लागते ती देणगी नसून वसुली असते. वस्तूचा आदर शिकवावा. पण मुलाने त्या वस्तूचे देणे लागू नये.

आता सर्वांत कठीण आक्षेप. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात आले; त्या आपत्तीला अनुलक्षून पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने १९७२ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. उथळ तळ्यात मूल बुडत असेल तर आपले कपडे चिखलाने खराब होतील या भीतीने कोणी काठावर उभा राहणार नाही; मग दूर देशी भुकेने मरणाऱ्याला वाचविण्यासाठी अनावश्यक खर्च टाळणे हे आपले कर्तव्य का नसावे, असा त्याचा युक्तिवाद आहे. या आक्षेपापुढे तीनशे डॉलरांचा हातमोजा काय, तंबोरा आणि पैठणीही मान खाली घालतील. याला पूर्ण समाधान करणारे उत्तर देता येईल असे मला वाटत नाही. आणि ज्याला ते सहज देता येते त्याच्याविषयी थोडा संशयच बाळगावा. एवढेच म्हणता येते की, ज्या जगात कोणीच काही उत्तम करीत नाही, उत्तम वापरीत नाही आणि उत्तमाची निगा राखीत नाही, त्या जगात वाचविलेल्या माणसाला देण्यासारखेही फारसे उरणार नाही. परंतु हे उत्तर एका हातमोजाला लागू पडते, दहांना नाही. जो वर्षानुवर्षे एकच वस्तू वापरतो, दुरुस्त करतो आणि आपले खेळणे संपल्यावर दुसऱ्या हाताच्या स्वाधीन करतो, त्यालाच हा बचाव शोभतो. दर हंगामाला नवा नमुना घेणाऱ्याने सिंगरच्या तळ्याकडे पाठ करून उभे राहावे. त्याला दुसरी वाट नाही.

एवंच, घेणाऱ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. या वस्तूला जे माझ्या हातांनी द्यावे लागेल ते देण्यास मी तयार आहे काय? ज्याच्या हातांनी ती घडली त्याच्यापर्यंत माझा पैसा पोचतो काय? आणि तिच्यापायी माझ्या घरातील किंवा दारातील कोणाच्या तोंडचा घास कमी होतो काय? वाढत्या वयाच्या मुलासाठी साधा हातमोजा पुरे. हौस टिकते की नाही हे पाहण्यासाठीही साधाच बरा. पण ज्याचा हात वाढावयाचा थांबला आहे आणि खेळ थांबलेला नाही, ज्याचे पाऊल रोज संध्याकाळी आपोआप मैदानाकडे वळते, त्याने या तीन प्रश्नांना तोंड देऊन तीनशे डॉलर मोजले तर तो उधळ्या नव्हे. त्याने ओझे वाहावे अशी वस्तू घेतली आहे. मिरवावी अशी नव्हे.

'हौसेला मोल नाही' या म्हणीचे दोन अर्थ आरंभी सांगितले. ज्याची हौस पैसे देऊन संपते त्याला पहिला अर्थ लागू पडतो, आणि उपहास त्याच्याच वाट्याचा. ज्याची हौस पैसे दिल्यानंतर सुरू होते त्याच्यासाठी दुसरा अर्थ आहे. दुकानदाराला हे दोघे सारखेच दिसतात, कारण दोघांनीही सारखेच पैसे दिलेले असतात. त्यांच्यातील फरक दहा वर्षांनी दिसतो. एकाचा हातमोजा अजून ताठ असतो आणि दुसऱ्याच्या हातमोजाला हात आलेला असतो.